बॅगेतली पंधरावी

मी बोलतेय. गच्चीच्या दाराला अडसर म्हणून लावलेली ती मीच. येता-जाता तुम्ही मला पायानं सरकवता, एकदाही वाकून बघत नाही, म्हणून म्हटलं आज आपणच तोंड उघडावं.

मी गोल्फची काठी आहे. सात नंबरची, लोखंडी डोक्याची. गावात मला कोणी हॉकी म्हणतं, कोणी दांडकं. शेजारचा दगा तर मला नुसतं 'ते वाकडं' म्हणतो. सारंगखेड्याच्या पुलापासून थोड्या अंतरावरच्या या केळी-कापसाच्या गावात गोल्फची काठी काय करतेय, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मला तो रोज पडतो.

त्याला कारण हेमकांत. या घरचा थोरला. शेतकीची पदवी घेतली आणि अहमदाबादजवळच्या एका गोल्फच्या मैदानावर नोकरीला लागला. काम काय, तर गवत राखायचं. त्याची आई तापीबाई, तिला हे आजतागायत पचलेलं नाही. "आम्ही जलमभर गवत निंदं, नि हाऊ गवत पेराना पगार लेस!" असं ती पाहुण्यांना सांगते. पाहुणे हसतात. हेमकांतही हसतो. तीस वर्षं हसतोय बिचारा.

मी त्या मैदानावरच्या एका बड्या सदस्याच्या बॅगेत होते. एके दिवशी त्यानं चेंडू तळ्यात घातला आणि राग काढला माझ्यावर. बाभळीच्या बुंध्यावर आपटलं मला. चूक त्याची, वाकले मी. तो मला तिथंच टाकून गेला. हेमकांतनं उचललं, वाकलेला भाग करवतीनं कापला, उरलेल्या दांड्यावर नवी मूठ चढवली आणि मला आपल्या पाच वर्षांच्या लेकीच्या हातात दिलं. तेव्हापासून मी अशी बुटकी. बॅगेत टाकलं तर तळाशी गडप होते, डोकंसुद्धा वर दिसत नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ यातूनच झाला.

त्या पोरीचं नाव कामिनी. तिला मी शिकवलं. खांदे कसे फिरवायचे, चेंडू मारून झाल्यावरही मान खाली कशी ठेवायची, सगळं. तीन वर्षं ती मला उशाशी घेऊन झोपायची. मग उंच झाली, नव्या काठ्या आल्या आणि मी गेले पोत्यात. ज्या वस्तूवर माणसं शिकतात तीच आधी अडगळीत टाकतात. का, ते मला अजून कळलेलं नाही.

हेमकांत निवृत्त होऊन गावी परतला तेव्हा भांड्याकुंड्यांच्या पोत्यातून मीही आले. तापीबाईच्या हाती लागले आणि माझे नवे दिवस सुरू झाले. उन्हाळ्यात गच्चीवर मिरच्या उलटायच्या. पावसाळ्यात दगाच्या म्हशी हाकायच्या. मधल्या काळात चिंचा पाडायच्या, कापसाच्या गोण्या ठासायच्या, मोरीचं तुंबलेलं भोक मोकळं करायचं. माझ्या तोंडावर बारीक खाचा आहेत. चेंडूला फिरकी मिळावी म्हणून कारखान्यात मोजूनमापून पाडलेल्या. त्या खाचांत आता मिरचीचं बी बसलंय. नंदुरबारची मिरची काय चीज आहे हे तुम्हाला माहीत असेलच. धुतली तरी जात नाही.

हेमकांतनं मात्र केळीच्या कडेला तीन गुंठ्यांत हिरवळ केली. ठिबक टाकलं, रोज सकाळी कापायचा, गुडघ्यावर बसून एकेक तण वेचायचा. दोन्ही गुडघे त्यातच गेले. कामिनी सुट्टीला आली की त्या हिरवळीवर तासन्‌तास चेंडू भोकात घालत बसायची. मी गच्चीवरून बघायचे. तिचा डावा खांदा आधी उघडायचा. मी ओरडून सांगायचे, पण काठीचं ऐकतो कोण!

चोविसाव्या वर्षी कामिनी व्यावसायिक झाली. म्हणजे मोठ्या टूरवर नाही, तिच्या खालच्या डेव्हलपमेंट टूरवर. तिथं गावोगाव स्पर्धा होतात, प्रत्येकीचे गुण एका तक्त्यावर चढतात आणि सीझन संपला की पहिल्या तिघींना मोठ्या टूरवर खेळायचं कार्ड मिळतं. बाकीच्यांनी पुढल्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. कामिनीला ते कार्ड हवं होतं. दुसरं काही नको होतं. आणि तिच्याकडे वर्ष एकच होतं, कारण मैदानभर तिच्या काठ्यांची बॅग उचलायला हेमकांत जाणार होता. त्यानं आधीच सांगून टाकलं होतं, "एकच सीझन, बेटा. त्यान्हापुढे गुडघा नही म्हनस."

फेब्रुवारीत बाप-लेक नंदुरबार स्टेशनवरून निघाले. ती लांबुडकी बॅग बघून लोकांनी विचारलं, बँडवाले का? पुढे एका स्टेशनावर शिपायानं बॅग उघडायला लावली. त्याला वाटलं बंदुका आहेत. हे मला कामिनीच्या फोनवरून कळलं. सगळा सीझन मला फोनवरूनच कळला. तिच्या बॅगेतल्या चौदा जणी हिंडत होत्या आणि मी मिरच्या उलटत होते.

रोज संध्याकाळी तापीबाई फोन मोठ्या आवाजावर लावायची, मला शेजारी भिंतीला टेकवायची आणि विचारायची, "कितला झाया?"

"एकाहत्तर, आजी."

"आं? कालदिन चौऱ्याहत्तर व्हतात ना? आज काबरं उतरनी तू?"

कपाळावर हात मारून घ्यायला मला हात नाहीत, एवढंच. गोल्फमध्ये फटके मोजतात, जितके कमी तितकं चांगलं. कामिनीनं हे तिला दोनदा समजावून सांगितलं. तापीबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कमी करनारी जिकस? असा कोनता खेय ऱ्हास?" तिच्या हिशेबी केळी जास्त आली तर चांगलं, कापूस जास्त निघाला तर चांगलं, दूध जास्त निघालं तर चांगलं. पोरीचा आकडा तेवढा कमी झालेला चांगला, हे तिच्या गळी कोण उतरवणार? ती रोज देवापुढे दिवा लावून पोरीचा आकडा वाढू दे म्हणायची. आणि कामिनी तिकडं एकेक फटका कमी करायला झुरायची. मी मध्ये भिंतीला टेकलेली, दोघींचं ऐकत.

सीझन कसा गेला विचारता? जातो तसाच. अहमदाबादेत चांगली खेळली. पुढच्या स्पर्धेत दुसऱ्याच दिवशी घरी पाठवली. दोन दिवसांनी अर्ध्या खेळाडूंना काढून टाकतात, त्यात ती गेली. नागपुरात दुसरी आली. नंतरच्या दोन ठिकाणी पावसानं वाट लावली. सप्टेंबर संपला तेव्हा ती तक्त्यावर पाचवी होती. शेवटची एकच स्पर्धा उरली होती. तिथं पहिल्या पाचांत आली तर तिसऱ्या जागेवर सरकणार, नाही आली तर संपलं. फोनवर दुसरा विषयच नव्हता. हेमकांत तिकडं गुडघ्याला तेल चोळता चोळता हेच घोकायचा.

मधे नवरात्र आलं म्हणून दोघं चार दिवस घरी आली. आणि आली ती खंडेनवमी.

या घरात खंडेनवमीला सगळी हत्यारं पूजेला बसतात. विळे, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, अंगणात ट्रॅक्टर. त्या वर्षी कामिनीच्या काठ्याही मांडल्या. तापीबाईनं त्या मोजल्या आणि तिचं तोंड वाकडं झालं.

"चौदाच? जोडना आकडा शुभ नही ऱ्हास. वर एक पाहिजे."

"चौदाच ऱ्हातस आजी, नियम शे," कामिनी म्हणाली आणि फोन आला म्हणून उठून गेली. नियम काय, एक जास्त झाली तर काय होतं, हे सांगायला थांबली नाही. आजीला काय करायचंय, असं तिला वाटलं असावं. घरातली शिकलेली माणसं म्हाताऱ्यांना नेहमी अर्धंच सांगतात आणि मग कपाळ बडवत बसतात.

तापीबाई गच्चीवर आली. मला उचललं, पदरानं पुसलं, खाली नेऊन चौदांच्या शेजारी आडवं ठेवलं आणि हळद-कुंकू लावलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. पंधरा वर्षांनी मी माझ्या जातीत बसले होते.

इथवर ठीक होतं. पण या घरची आणखी एक रीत आहे. पूजेला एकत्र बसलेलं प्रत्येक हत्यार दसऱ्याला कामाला लागलं पाहिजे. विळ्यानं ज्वारीचं एक ताट कापायचं, पंपानं एक फवारा मारायचा, ट्रॅक्टरनं शेतात नांगरटीचं एक तास घालायचं. मागे राहील त्याचा पूजेचा मान वाया जातो, असं तापीबाई मानते. मग माझं काम कोणतं? मिरच्यांचे दिवस नव्हते. तिनं थोडा विचार केला. जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, मला डोक्यापासून मुठीपर्यंत गुंडाळलं, आत आपट्याची पानं आणि अक्षता घातल्या आणि कोणी बघत नाही असं पाहून कामिनीच्या बॅगेत सोडलं.

"जाय, पोरना संगे ऱ्हाय," ती पुटपुटली.

मी थेट तळाशी. लुगड्यामुळे खडखडही नाही. माझ्या डोक्यावर चौदा जणींचे दांडे. मी जिवाच्या आकांतानं ओरडत होते, अगं बाई, काढ मला! चौदाहून एक जरी जास्त झाली तरी दंड बसतो. दिवसाला चार फटके! पण तापीबाई समाधानानं हात जोडून उभी होती.

दोन दिवसांनी बाप-लेक निघाले. रोज सकाळी खेळ सुरू व्हायच्या आधी काठ्या मोजणं हे बॅग उचलणाऱ्याचं काम. हेमकांतनं मोजल्या. कशा? वरची डोकी बघून. बोट ठेवत ठेवत, "बारा, तेरा, चौदा. बरोबर." अरे, आत हात घाल ना! तीस वर्षं गवताचं एकेक पातं तपासलंस तू, एकदा कोपरापर्यंत हात घालायला काय झालं होतं? पहिल्या दिवशी तेच. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

आणि शिंका! बॅगेतून काठी काढली की कामिनीला शिंक, घातली की हेमकांतला. मिरची माझ्या खाचांतून वर चढत होती. बाप म्हणाला, "आठेना गवतले फुलोरा उना व्हयी." गवताशिवाय त्याला काही सुचतच नाही.

पण पोरगी खेळत काय होती! डावा खांदा आता बरोबर उघडत होता. पहिल्या दिवशी सत्तर, दुसऱ्या दिवशी एकोणसत्तर. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या दिवशी अठरांतल्या तेराव्या भोकापर्यंत ती दुसऱ्या नंबरवर होती. मला बाहेरचं दिसत नव्हतं, पण तिची पावलं ऐकू येत होती. घाई नव्हती त्यांत. कार्ड तिच्या हातात आल्यासारखंच होतं.

चौदाव्या भोकाला तिनं सहा नंबरची काठी ओढली. ती अडकली. माझ्या लुगड्याची गाठ सुटून पट्टी तिच्या मुठीला गुंडाळली गेली होती. कामिनीनं हिसका दिला आणि सहा नंबरच्या मागोमाग मीही अर्धी वर आले. आपट्याची पानं गवतावर सांडली.

ती बघत राहिली. पंधरा वर्षांनी तिनं माझ्याकडे बघितलं ते असं.

"पप्पा, हाई काय शे?"

हेमकांतचा चेहरा पांढरा पडला. त्यानं आजूबाजूला पाहिलं. बरोबरीच्या दोघी मैदानाच्या पलीकडच्या कडेला होत्या, पाठमोऱ्या. मला एक ढकल दिली असती तर मी पुन्हा तळाशी गेले असते आणि हे कधीच कोणाला कळलं नसतं. त्याचा हात माझ्या डोक्यावर येऊन थांबला.

कामिनीनं तो हात बाजूला केला आणि पंचांना बोलावलं.

पंचबाई आल्या. त्यांनी लुगडं सोडलं, त्यांना तीन शिंका आल्या. कुंकू पाहिलं, अक्षता पाहिल्या. बाई चांगल्या होत्या, ओरडल्या नाहीत. फक्त विचारलं, "ही बॅगेत कधीपासून आहे?"

आता ऐका. ती 'आज सकाळपासून' म्हणाली असती तर आजचे चार फटके वाढले असते. चार वाढूनही ती पाचवी राहिली असती. कार्ड मिळालं असतं. हे तिला कळत होतं, हेमकांतलाही कळत होतं. तो हलक्या आवाजात म्हणाला, "आज सकायलेच पडनी व्हयी, नही का बेटा?"

तीस वर्षांत, टाकून दिलेली मी सोडले तर, त्या माणसानं मैदानावरचा सापडलेला चेंडूसुद्धा घरी नेला नव्हता. मला त्याचा राग यायला हवा होता. नाही आला. लेकीसाठी तो एवढंसं खोटं बोलू पाहत होता आणि तेही त्याला धड जमत नव्हतं.

कामिनीनं त्याच्याकडे बघितलं नाही. पंचबाईंना म्हणाली, "पहिल्या दिवसापासून."

तीन दिवसांचे चार-चार. बारा.

नियमाप्रमाणे मला बॅगेत उलटं खोचलं आणि 'ही खेळाबाहेर' असं जाहीर केलं. मी पंधरा वर्षं खेळाबाहेरच होते, त्यात नवीन काय! उरलेली सगळी भोकं कामिनी खेळली. एकही फटका वाया घालवला नाही. तरी कार्ड गेलंच. मग फटक्यांच्या हिशेबाच्या पानावर सही केली आणि बाहेरच्या नळावर बराच वेळ तोंड धूत राहिली.

घरी आले तेव्हा तापीबाई ओसरीवर वाट बघत होती. तिला फोनवर एवढंच कळलं होतं की पोरीचे बारा वाढले.

"बारा?" ती टाळी वाजवून म्हणाली. "दख, मी म्हनत व्हती ना, पंधरा पाहिजे! ती काठी कामले उनी का नही?"

हेमकांतनं तोंड उघडलं. कामिनीनं डोळ्यांनीच त्याला गप्प केलं. "उनी, आजी," म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतरचे दोन महिने आठवले तरी माझं डोकं तापतं. चौदा काठ्या शेडमध्ये. हिरवळीवर घोटाभर गवत. कामिनी खोलीत. आणि तापीबाई मला हातात घेऊन घरोघर सांगत हिंडायची, हिनं माझ्या नातीचे बारा वाढवले. दगाला सांगितलं. दूध घालायला येणाऱ्या मगनला सांगितलं. किराणावाल्या नर्मदाबाईला तर दोनदा. मी शरमेनं मेले.

शेवटी एके दिवशी जेवताना ती पुन्हा सुरू झाली आणि हेमकांतचा बांध फुटला.

"माय, तठे कमी लागतस! बारा वाढनात म्हनजे पोर बुडनी! त्या काठीनं बुडाडं तिले!"

ताटात हात तसाच राहिला म्हातारीचा. तिनं एकदा कामिनीकडे पाहिलं. कामिनी खाली बघत होती. तापीबाई उठली, हात धुतला आणि माझ्याकडे पाठ करून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला उचललं आणि निघाली. मला वाटलं, आता तापी नदीत फेकते. मी मनाची तयारीही केली. पण ती गेली दगाकडे. मग मगनकडे. मग नर्मदाबाईकडे. ज्या ज्या घरी फुशारकी मारली होती त्या प्रत्येक घरी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बारा वाढनात ते वाईट झायं. तठे कमी लागतस. चुकी मन्ही शे, पोरनी नही." पंच्याहत्तर वर्षांची बाई, उन्हातून, एकेका दारात. दगा 'ऱ्हाऊ दे ना काकू' म्हणाला तर त्यालाच झापलं.

परत येऊन ती कामिनीच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"मन्ही चुकीनी सजा तू घरमा बसीसन कसाले भोगस? ऊठ."

"पप्पांचा गुडघा, आजी..."

"गुडघा त्यान्हा शे, तुन्हा नही. ऊठ म्हनू ना!"

हेमकांतनं केळीचे घड वाहायच्या जुन्या हातगाडीची दोन चाकं काढली आणि बॅगेला गाडी करून दिली. चालताना कुईकुई वाजते, कितीही तेल घाला. हिरवळ पुन्हा कापली. फेब्रुवारीत कामिनी निघाली, पुन्हा त्याच खालच्या टूरवर, पुन्हा पहिल्यापासून, या वेळी एकटी.

निघायच्या सकाळी तापीबाईनं बॅग ओसरीवर मागितली. बाही वर केली, बांगड्यांसकट कोपराच्या वर हात आत घातला आणि तळाशी चाचपत एकेक मूठ मोजली. मोठ्यानं. दोनदा. मग हात बाहेर काढला, कोपऱ्यात उभ्या असलेल्या मला उचललं आणि छातीशी धरलं.

"चौदा तुन्ह्या," ती म्हणाली. "एक मन्हा हातमा. झाया पंधरा. जाय आते."

कामिनी हसली की रडली, मला दिसलं नाही. म्हातारीच्या पदरात माझं तोंड दाबलं गेलं होतं आणि पदराला मिरचीचा वास येत होता.

तर अशी मी. दिवसा दाराचा अडसर, उन्हाळ्यात मिरच्यांवर. माझी तक्रार संपलेली नाही. पायानं सरकवत जाऊ नका. आणि कधी काही मोजायची वेळ आली तर नुसती वर दिसणारी डोकी मोजू नका, आत हात घाला. एवढंच मागणं आहे.

आता पुरे करते. संध्याकाळ होत आलीय. तापीबाई मला घ्यायला येईल. फोन लागतो तेव्हा ती मला घट्ट धरून बसते, बोटं दुखली तरी सोडत नाही. काल कामिनी पलीकडून म्हणाली, "एकोणसत्तर, आजी."

म्हातारीनं माझी मूठ आवळली.

"आखीन कमी कर," ती म्हणाली.